मास्टर चार्टच्या एका ओळीत न मावणारी मुलं

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. तुम्ही नागपुरात पेडियाट्रिक्सच्या पीजी आहात. थिसिससाठी सिकलसेलची ९० मुलं घेतलीत, प्रत्येकाचा साधारण १८ महिने फॉलोअप केलात. त्या काळात ३८ मुलांना एकही क्रायसिस, म्हणजे सिकलसेलमुळे अचानक उठणारं तीव्र दुखणं, आला नाही, बाकीच्या ५२ मुलांना मिळून १४२ आले, आणि त्यातल्या दोघांना तर आठ-आठ. काही मुलं क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेतात, काही घेत नाहीत, आणि काहींनी मधेच सुरू केलं. गाइड म्हणतात पहिल्या क्रायसिसपर्यंतचा कॅप्लान-मायर (किती मुलं किती दिवस क्रायसिसविना राहिली ते दाखवणारा आलेख) काढ आणि मोकळी हो. सीनियर म्हणतो प्रत्येकाचे क्रायसिस मोज आणि दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट लाव. कॉलेजात एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही विचारताय, याला दुसरं कुठलं सॉफ्टवेअर लागतं का आणि लागत असेल तर कुठलं.

मी मेडिकल कॉलेजांमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली. विदर्भात असल्यामुळे सिकलसेलचे थिसिस दरवर्षी दोन-तीन तरी माझ्या टेबलावर येतात. सॉफ्टवेअरचं सांगते, पण खरी अडचण तिथे नाही. खरी अडचण तुमच्या मास्टर चार्टमध्ये आहे. आपल्याकडे थिसिसच्या शेवटी मास्टर चार्ट जोडायची पद्धत आहे, एक रुग्ण एक ओळ. ज्या मुलाला चार वेळा अ‍ॅडमिट केलं ते मूल त्या एका ओळीत मावत नाही. मग आपण त्याला कोंबतो: ‘क्रायसिस – हो’, किंवा ‘क्रायसिसची संख्या – ४’. एकदा कोंबलं की पुढे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणा, गेलेली माहिती परत येत नाही.

गाइडच्या सल्ल्यात चूक काहीच नाही, फक्त तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्या क्रायसिसपर्यंत किती दिवस गेले हा एक प्रश्न. औषधाने क्रायसिस एकूणच कमी होतात का, हा दुसरा. आई-बापांना दुसऱ्याशी मतलब असतो. आणि हिशेब बघा: १४२ पैकी पहिले क्रायसिस ५२. म्हणजे कॅप्लान-मायर तुमचे ९० क्रायसिस सरळ टोपलीत टाकतो. ते गोळा करायला तुम्ही रात्री-अपरात्री वॉर्डात गेलात, आयपीडीचे कागद उपसलेत.

हे फक्त आपल्या थिसिसपुरतं नाही. आर या सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी जो डेटा मिळतो, त्यात सीजीडी नावाचा एक संच आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (सीजीडी, ज्यात गंभीर इन्फेक्शन वारंवार होतात) असलेल्या १२८ रुग्णांवर गॅमा इंटरफेरॉनची चाचणी झाली होती, ६३ जणांना औषध, ६५ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस. औषधाच्या गटात १४ जणांना आणि प्लासिबोच्या गटात ३० जणांना किमान एक गंभीर इन्फेक्शन झालं. पण एकूण इन्फेक्शन मोजली तर २० आणि ५६. पहिल्यावरच थांबलो तर ७६ पैकी ३२ घटना गेल्या, आणि दोन गटांतली दरीही कमी दिसते. मी दरवर्षी पीजींच्या पहिल्या तासाला हाच संच उघडते.

आता सीनियरची टी-टेस्ट. तिची पहिली अडचण अशी की सगळ्यांचा फॉलोअप सारखा नसतो. एका मुलाला १८ महिन्यांत दोन क्रायसिस आले, दुसऱ्याला चार महिन्यांत दोन, आणि नंतर त्याचं कुटुंब वीटभट्टीवर गेलं, परत आलंच नाही. टी-टेस्टला दोघंही ‘२’. दुसरी अडचण, हे आकडे घंटेच्या आकाराचे नसतातच. शून्यावर ३८ मुलं, आणि शेपटीला दोन मुलं आठ-आठवर. अशा ढिगाऱ्याच्या सरासरीवर त्या दोन मुलांचं राज्य चालतं.

कोणी म्हणेल, मग एकूण क्रायसिस भागिले एकूण रुग्ण-वर्षं करा, पॉइसॉन (घटनांच्या संख्येसाठीचं साधं मॉडेल) लावा, झालं. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थिनीचा दम्याच्या मुलांवरचा थिसिस होता. अ‍ॅटॅक मोजले, प्रत्येक अ‍ॅटॅक स्वतंत्र धरला, पी-व्हॅल्यू छान आली, थिसिस जमा झाला. पुढे त्यावर पेपर पाठवला तेव्हा रिव्ह्यूअरने एकच ओळ लिहिली: हे सगळे अ‍ॅटॅक वेगवेगळ्या मुलांचे आहेत का? नव्हते. निम्म्याच्या आसपास चार-पाच मुलांचे होते. हिशेब पुन्हा नीट केला तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या पलीकडे गेली, म्हणजे फरक नुसता योगायोगही असू शकत होता. पेपर छापून आला नाही आणि त्या मुलीने मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण मला ते अजून लागतं. एका मुलाचे आठ क्रायसिस म्हणजे आठ साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार आठ वेळा बोलतोय.

तेव्हा सॉफ्टवेअरकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात. एक, त्याला एका मुलाच्या अनेक ओळी घेता आल्या पाहिजेत, ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ अशा. दोन, त्या ओळी एकाच मुलाच्या आहेत हे त्याने लक्षात ठेवून एरर, म्हणजे उत्तरातली अनिश्चितता, मोजली पाहिजे.

ओळी कशा पाडायच्या ते एका मुलावर दाखवते. समजा रुग्ण क्रमांक १७. नोंदणीचा दिवस शून्य. ६२व्या दिवशी क्रायसिस, अ‍ॅडमिट, ६७व्या दिवशी डिस्चार्ज. १४०व्या दिवशी पुन्हा क्रायसिस, १४४व्याला डिस्चार्ज. त्यानंतर काही नाही, ५४०व्या दिवशी फॉलोअप संपला. मास्टर चार्टमध्ये हा मुलगा म्हणजे ‘क्रायसिस – २’. आपल्या नव्या शीटमध्ये त्याच्या तीन ओळी:

१७ – ० ते ६२ – घटना १
१७ – ६७ ते १४० – घटना १
१७ – १४४ ते ५४० – घटना ०

तिसऱ्या ओळीतला शून्य महत्त्वाचा आहे. हटकून विसरली जाते ती हीच ओळ, कारण त्या ३९६ दिवसांत ‘काहीच झालं नाही’. पण काहीच न होणं हीच तर औषधाची कमाई असू शकते. ती ओळ गाळली की तुम्ही मुलाच्या चांगल्या वर्षाची नोंद पुसली. ज्या ३८ मुलांना क्रायसिस आलाच नाही, त्यांचीही प्रत्येकी एक ओळ हवी, शून्य ते शेवटची भेट, घटना ०. आणि ६२ ते ६७ या दिवसांची ओळच नाही हे बघा. मूल वॉर्डात क्रायसिसमध्येच पडलेलं असताना त्याला ‘नवा’ क्रायसिस येऊ शकत नाही, म्हणून ते दिवस जोखमीत धरायचे नाहीत. या मुलाचे ५४० पैकी ९ दिवस असे वजा होतात. नऊ दिवसांनी मोठा फरक पडणार नाही, पण वारंवार आठ-दहा दिवस अ‍ॅडमिट राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत पडतो, आणि तीच तर तुमची सगळ्यात आजारी मुलं.

इथे एक गोष्ट मशीन ठरवू शकत नाही, ती तुम्हालाच ठरवायची आहे: नवा क्रायसिस कशाला म्हणायचं? डिस्चार्ज झाला, तीन दिवसांनी त्याच पायात दुखतंय म्हणून मूल परत आलं. हा जुनाच की नवा? मी साधारण १४ दिवसांची अट सुचवते, पण तो काही वेदातला आकडा नाही. तुमच्या युनिटचे डॉक्टर काय मानतात ते आधी लिहून ठेवा, आकडे बघितल्यावर नव्हे. आणि क्रायसिस म्हणजे नेमकं काय, हेही. हायड्रॉक्सियुरियाची १९९५ साली प्रसिद्ध झालेली मोठी अमेरिकन चाचणी २९९ प्रौढांवर होती. तिथे व्याख्या होती अशी: सिकलिंगमुळे अचानक दुखणं, त्यासाठी दवाखान्यात चार तासांहून जास्त थांबावं लागणं आणि वेदनाशमनासाठी अफूवर्गातलं इंजेक्शन. त्यात वर्षाला क्रायसिसचा मध्यक प्लासिबोच्या गटात ४.५ आणि औषधाच्या गटात २.५ होता. ती व्याख्या आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्याकडे तसं इंजेक्शन किती ठिकाणी आणि किती सहज मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

त्याहून नाजूक मुद्दा अंतराचा. नागपुरातल्याच इंदोऱ्याचं मूल दुखायला लागलं की ऑटोने तासाभरात मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पोचतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याचं मूल आधी घरी, मग पीएचसी, फारच झालं तर गडचिरोली, आणि नागपूर सगळ्यात शेवटी. तुमच्या रजिस्टरमध्ये धानोऱ्याच्या मुलाचे क्रायसिस कमी दिसतील. ते खरंच कमी आहेत की तुमच्यापर्यंत पोचले नाहीत? आणि लांबच्या मुलांना औषधही कमी नियमित मिळत असेल, तर हे दोन्ही एकमेकांत गुंततात. यावर सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. फोन करून, आशाताईंना विचारून, तिथली कार्डं मागवून जे मिळेल ते मिळवा, आणि जिल्हा हा एक रकाना जरूर ठेवा.

मधेच औषध सुरू केलेल्या मुलांचं काय? समजा रुग्ण १७ ने २००व्या दिवशी हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. मग त्याची शेवटची ओळ मोडायची: १४४ ते २००, औषध नाही, घटना ०, आणि २०० ते ५४०, औषध आहे, घटना ०. अख्ख्या मुलावर ‘औषध घेणारा’ असा शिक्का मारला, तर औषधाआधीचे दिवस आणि त्यातले दोन्ही क्रायसिस औषधाच्या खात्यात जातात. काही जण नेमकं उलटं करतात, क्रायसिस आधीचे म्हणून सोडतात आणि दिवस मात्र औषधाच्या नावावर धरतात. तसं केलं तर औषध जादू केल्यासारखं दिसतं. थिसिसमध्ये मी सर्वांत जास्त वेळा पकडलेली चूक हीच आहे, आणि विद्यार्थ्याने मुद्दाम केलेली मी एकदाही पाहिली नाही.

अजून एक: औषध कोणाला दिलं जातं? ज्याला जास्त क्रायसिस येतात त्याला. तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस जास्त निघाले तर घाबरू नका, औषधाला दोषही देऊ नका. नोंदणीच्या आधीच्या एका वर्षात किती क्रायसिस आले होते, तो आकडा प्रत्येक मुलाचा हवा आणि तो मॉडेलमध्ये जायला हवा. तो नसेल तर आजच जुनी कार्डं काढा. त्याच्याशिवाय पुढचा सगळा खटाटोप पोकळ आहे.

शीट झाली. आता सॉफ्टवेअर.

मी स्वतः आर वापरते. फुकट आहे हे एक कारण, पण मुख्य कारण त्यातलं ‘सर्व्हायव्हल’ नावाचं पॅकेज. ते आरसोबतच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही, आणि ते टेरी थर्नो यांनी मेयो क्लिनिकमध्ये बसून लिहिलेलं आहे. हे सांगितलं की वर्गात एखादा तरी विचारतो, ‘मॅडम, मेयोत कुठल्या डिपार्टमेंटला?’ बाप्पा, आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नाही ते, अमेरिकेतलं. त्या पॅकेजमध्ये ‘सर्व’ (Surv) या फंक्शनला तुम्ही सुरुवात, शेवट आणि घटना असे तीन रकाने देता, आणि ‘कॉक्सपीएच’ला सांगता की क्लस्टर म्हणजे रुग्ण क्रमांक. बस, एवढंच. ओळी पाडायचं काम करणारं ‘टीमर्ज’ नावाचं फंक्शनही त्यातच आहे, पण ९० मुलांसाठी मी म्हणेन हाताने पाडा. हाताने पाडताना चुका दिसतात.

या मॉडेलला अँडरसन-गिल म्हणतात. कॉक्स यांनी १९७२ मध्ये जे मॉडेल दिलं ते एकाच घटनेपुरतं होतं. अँडरसन आणि गिल यांनी १९८२ मध्ये त्याला घटना पुन्हा-पुन्हा मोजण्याच्या भाषेत बसवलं. त्यात एक मोठं गृहीतक आहे: आधीचा क्रायसिस आला म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही, जे काही बदलतं ते तुम्ही दिलेल्या रकान्यांमुळेच. सिकलसेलमध्ये हे अक्षरशः खरं नाही. म्हणून क्लस्टरची अट, म्हणजे रोबस्ट स्टँडर्ड एरर. तिच्यामुळे उत्तराचा अर्थ असा घेता येतो: औषध असताना क्रायसिसचा सरासरी वेग, औषध नसतानाच्या वेगाच्या किती पट आहे. या वाचनाला पक्का गणिती आधार २००० साली लिन, वेई, यांग आणि यिंग यांच्या पेपरने दिला. व्हायव्हामध्ये विचारलंच तर चारही नावं सांगा, परीक्षक पुढच्या प्रश्नावर जातात.

आता प्रत्येक सॉफ्टवेअरचा एकेक खड्डा दाखवते. मी त्या प्रत्येकात पडलेली आहे.

आरमध्ये शेवटचा दिवस सुरुवातीपेक्षा मोठाच असावा लागतो. मूल सकाळी डिस्चार्ज होऊन संध्याकाळी परत आलं आणि तुम्ही ६७ ते ६७ अशी ओळ लिहिली, तर आर ती ओळ रिकामी समजून सोडून देतं. लाल अक्षरात एक इशारा येतो, आपण तो वाचत नाही. दुसरं, याच तीन रकान्यांवर सवयीने कॅप्लान-मायरचा आलेख काढला तर तोही निघतो, अगदी सुबक, आणि त्याला काहीही अर्थ नसतो. तिथे ‘क्युमहॅझ’ मागायचं, म्हणजे साठत जाणारी बेरीज. त्याबद्दल खाली सांगते.

स्टाटामध्ये ‘एसटीसेट’ ही कमांड आधी द्यावी लागते, आणि ती न सांगता गृहीत धरते की पहिल्या घटनेनंतर माणूस अभ्यासातून गेला. मरणाच्या अभ्यासात ते बरोबरच आहे. पण तुमच्या शीटमधल्या ९० क्रायसिसच्या ओळी ती गुपचूप बाजूला ठेवेल. खाली एका ओळीत लिहिलेलं असतं की इतक्या नोंदी पहिल्या घटनेनंतर सुरू होतात म्हणून वगळल्या, तेवढं वाचा. उपाय सोपा आहे: ‘एक्झिट’ या पर्यायात टाइम लिहून पुढे नुसतं टिंब द्यायचं. त्या एका टिंबावर एका मुलीचे तीन आठवडे गेले होते. रोज फोन, ‘मॅडम, माझं उत्तर कॅप्लान-मायरसारखंच का येऊन राहिलंय?’ येणारच, कारण ते तेच करत होतं.

सॅसमध्ये ‘पीएचरेग’ चालतं. रोबस्टसाठी ‘कोव्हएस’ म्हणायचं आणि कंसात ‘अ‍ॅग्रिगेट’, शिवाय आयडी कुठला तेही द्यायचं. नुसतं ‘कोव्हएस’ लिहिलं तर ते प्रत्येक ओळ वेगळं मूल समजतं, आणि मी दम्याच्या थिसिसमध्ये केलेली चूक तुम्ही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये करता. शिकणाऱ्यांसाठी सॅसची ऑनलाइन आवृत्ती फुकट आहे, पण फक्त या थिसिससाठी ते शिकू नका.

आणि तुमचं एसपीएसएस. तिथल्या नेहमीच्या कॉक्स मेनूत एका मुलाच्या ‘पासून-पर्यंत’ ओळी देऊन रुग्णनिहाय रोबस्ट एरर मागायची सोय नाही. म्हणून अँडरसन-गिल तिथे करायला जाऊ नका. कोणी जुगाड सांगितला तरी नको. पण एसपीएसएस अगदीच निरुपयोगी नाही. क्रायसिस कधी आले हे सोडून देऊन किती आले एवढंच धरायचं असेल, आणि मुलाचं औषध मधे बदललेलं नसेल, तर निगेटिव्ह बायनॉमिअल रिग्रेशन हा सरळ, मानाचा मार्ग आहे. एक मूल एक ओळ, म्हणजे तुमचा मास्टर चार्टही तसाच राहतो. पॉइसॉन समजतं की सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सारखेच. निगेटिव्ह बायनॉमिअल मान्य करतं की काही मुलं मुळातच जास्त दुखणारी आहेत.

फक्त तिथेही दोन खड्डे. ‘जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स’च्या मेनूत ‘निगेटिव्ह बायनॉमिअल विथ लॉग लिंक’ हे तयार बटण दाबलं, तर ते मुलामुलांतल्या फरकाचा आकडा स्वतःच १ धरून बसतं, तुमच्या डेटातून काढत नाही. त्यासाठी ‘कस्टम’मध्ये जाऊन डिस्ट्रिब्युशन निगेटिव्ह बायनॉमिअल निवडायचं आणि ‘एस्टिमेट व्हॅल्यू’वर टिक करायची. दुसरं, फॉलोअपचा काळ ऑफसेटमध्ये द्यायचा, पण तसाच नव्हे, त्याचा नॅचरल लॉग घेऊन. दिवस तसेच टाकले तरी उत्तर छापून येतं, म्हणून तर पंचाईत. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या थिसिसमध्ये रेट रेशोचा आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला होता.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: औषध मधे बदलणारी मुलं बरीच असतील, किंवा क्रायसिसची वेळ महत्त्वाची असेल, तर आर आणि अँडरसन-गिल. अशी मुलं नसतील आणि आर शिकायला वेळच नसेल तर एसपीएसएस आणि निगेटिव्ह बायनॉमिअल. तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिला प्रकार दिसतो.

तुम्ही इंटरनेटवर बाकीची नावंही वाचली असतील. प्रेंटिस-विल्यम्स-पीटरसन, १९८१ चं, क्रायसिसचा क्रमांक धरून चालतं: दुसऱ्याच्या जोखमीत पहिला येऊन गेलेलीच मुलं. ‘एक क्रायसिस येऊन गेल्यावर औषधाचा उपयोग कमी होतो का’ असा तुमचा प्रश्न असेल तर ते योग्य. पण पाचव्या-सहाव्या क्रायसिसला तुमच्याकडे मूठभर मुलं उरतील आणि आकडे हेलकावे खातील. तिसऱ्यानंतरचे सगळे एकत्र करावे लागतील. वेई-लिन-वाइसफेल्ड, १९८९ चं, पहिला क्रायसिस न आलेल्या मुलालाही तिसऱ्याच्या जोखमीत धरतं. मला ते एकाच प्रकारच्या घटनेसाठी कधीच पटलं नाही, मी वापरत नाही. काही लोक वापरतात, भांडायला मी जात नाही. फ्रेल्टी मॉडेल हे निगेटिव्ह बायनॉमिअलचंच वेळेसकटचं भावंड: प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा एक अदृश्य गुणक. मुलामुलांत फरक किती आहे हेच सांगायचं असेल तर घ्या.

मृत्यूचं मात्र थांबून बघा. ९० मुलांत, १८ महिन्यांत, देव न करो, एखादा मृत्यू असेल तर त्या दिवशी ओळ बंद करून तसं स्पष्ट लिहा. जास्त असतील तर ‘फॉलोअप संपला’ म्हणून चालणार नाही, कारण गेलेलं मूल पुढे क्रायसिस घेऊन येऊच शकत नसतं. मग आरमधलं ‘फ्रेल्टीपॅक’ लागतं, ते क्रायसिस आणि मृत्यू दोन्ही जोडून बघतं. तेवढं शिकायला महिना जातो. त्या वेळी कोणाला तरी सोबत घ्या.

हवामानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी नागपूर आहे म्हणून सांगतेच. मेमध्ये ४५ अंशांत मुलं कोरडी पडतात, डिसेंबरच्या थंडीत पुन्हा दुखतात. तुमची नोंदणी सहा महिने चालली असेल, तर एकाचा ‘६२वा दिवस’ मेमध्ये आणि दुसऱ्याचा ऑक्टोबरमध्ये. या ओळींची एक सोय अशी की शून्य दिवस नोंदणीचा न धरता अभ्यास सुरू झाल्याची तारीख सगळ्यांना एकच शून्य धरता येते. ज्याची नोंदणी ११०व्या दिवशी त्याची पहिली ओळ ११० पासून सुरू. मग सॉफ्टवेअर प्रत्येक क्रायसिसच्या दिवशी, त्याच दिवशी, त्याच हवेत असलेल्या इतर मुलांशी तुलना करतं. ऋतूचा वेगळा रकानाच लागत नाही. मी सिकलसेलसाठी आता हेच करते, आणि नोंदणीपासूनचा हिशेब दुसऱ्या तक्त्यात देते. दोन्ही उत्तरं जवळपास आली तर बरं, नाही आली तर चर्चेत लिहायला मुद्दा मिळाला.

एक्सेलमध्ये तारखा तपासून घ्या. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ३ एप्रिल लिहिलेलं ४ मार्च होतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतात. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजायचं. मग शेवट वजा सुरुवात ऋण कुठे येतंय ते बघा. आणि ज्यांना आठ-आठ क्रायसिस आले त्या दोन मुलांच्या फाइली पुन्हा उघडा. एकाच अ‍ॅडमिशनचे कॅज्युअल्टी आणि वॉर्ड असे दोन नंबर पडून तो क्रायसिस दोनदा मोजला गेलाय का? मॉडेल एकदा त्या दोघांना वगळूनही चालवा. उत्तराची दिशाच बदलली तर ते लपवू नका.

राहिला गाइडना कसं सांगायचं हा प्रश्न, जो तुम्ही शेवटी कंसात लिहिलात, पण मला वाटतं रात्री झोप त्यामुळेच उडाली असेल. त्यांना नाही म्हणू नका. कॅप्लान-मायर ठेवा, सिनॉप्सिसमध्ये तो लिहिलेला असेल तर ठेवायलाच हवा. त्याच्या शेजारी दुसरा आलेख लावा, तो क्युमहॅझचा. त्याचं गणित बोटांवर होतं: रोज, त्या दिवशी आलेले क्रायसिस भागिले त्या दिवशी जोखमीत असलेली मुलं, आणि ही रोजची भागाकारं बेरजेत टाकत जायची. रेघ वर चढत जाते, आणि कुठल्याही दिवशी तिची उंची म्हणजे तोवर एका मुलामागे सरासरी किती क्रायसिस आले. हॅझार्ड रेशो (मॉडेलमधून येणारं दोन वेगांचं गुणोत्तर) न कळणाऱ्यालाही ती रेघ कळते. मी हा आलेख एका वरिष्ठ सर्जनना दाखवला होता, त्यांनी पेन्सिलने १२ महिन्यांवर उभी रेघ मारली, दोन्ही वक्रांमधलं अंतर बोटाने मोजलं आणि म्हणाले, ‘म्हणजे वर्षाला एका पोरामागे एक अ‍ॅडमिशन वाचते, असंच ना?’

तुमच्या सरांना सूत्र नंतर दाखवा. आधी रुग्ण १७ च्या तीन ओळी आणि हा आलेख, दोन्ही एकाच कागदावर छापून न्या, ओपीडी संपल्यावर.